घाटवाट बंद करायची कोणी?

भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तरीही त्या डोंगराला दर उन्हाळ्यात वणवे लागतात. ऐकणाऱ्याला हे कोडे वाटते. पण इतका पाऊस पडतो म्हणूनच इतके जळते. हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते ऑक्टोबर या महिन्यांत कोसळून जातो. त्यावर उघड्या माळांवर, सोंडांवर आणि कड्यांच्या टप्प्यांवर गवत कमरेएवढे वाढते, दिवाळीपर्यंत पिवळे पडते आणि माघ लागेतो कडकडीत वाळते. पुढे वळवाच्या एखाद्या सरीखेरीज जूनपर्यंत पाणी नाही. या गवतात कुसळी मातब्बर. चालणाऱ्याचे मोजे जिच्या कुसांनी भरून जातात ती हीच, आणि वाळली की काडी लागताच भुरकन पेटणारीही हीच. कड्याखालच्या उतारांवर कारवी. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, आणि बी धरले की उभा झाडोरा एकदम मरतो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिथे पुरुषभर उंचीच्या वाळक्या काठ्यांचे रान उभे असते. माथ्यावरचे जांभूळ, अंजनी, पिसा, हिरडा यांचे दाट जंगल सहसा पेट घेत नाही, कारण त्याच्या सावलीतला पालापाचोळा मार्चातही दमट राहतो. पण त्याची कड जळते. दरवर्षी थोडी थोडी जळते, आणि जिथे जळली तिथे पुढच्या वर्षी गवत पाऊलभर आत सरकते. सुमारे १३० चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात शेकरू ज्या झाडांवर राहते ते जंगल एका भडक्यात नाहीसे होणार नाही. ते असे कडेकडेने झिजते आहे.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा वन खात्याच्या लेखी वणव्याचा हंगाम. योगायोग असा की माणसांच्या चालण्याचाही तो हंगाम आहे. त्याच्या तोंडाशी महाशिवरात्र असते आणि कोकणातून माणसे पायी वर चढतात. शेवटाला काजवे असतात आणि मुंबई-पुण्याची तरुण मंडळी रात्रीच्या रात्री येऊन धडकतात. मधल्या महिन्यांतही खांडसवरून शिडी घाट आणि गणेश घाट, खोपिवलीवरून आहुपे घाट, जुन्नरच्या बाजूला नाणेघाट-जीवधन, दुर्ग-ढाकोबा अशा वाटा शनिवार-रविवारी रिकाम्या नसतात. अशा दिवसांत या वाटांवर लोकांनी जावे का, या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरे मिळतात. एक, सरसकट बंदी घाला. दुसरे, डोंगर सगळ्यांचा आहे, ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि दोघांची चूक एकच आहे: वाटेच्या टोकाला जे गाव आहे ते त्यांना दिसत नाही. वणव्याच्या दिवसांत कोणती घाटवाट आज चालायची आणि कोणती नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या गावाच्या ग्रामसभेकडे असला पाहिजे, आणि तो निर्णय हंगामाचा नसून त्या दिवसाचा असला पाहिजे, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते भावनेपोटी नाही. आग कशी चालते, ती कोणाला आधी दिसते आणि ती कोण विझवते, हे नीट पाहिले तर याहून वेगळ्या निष्कर्षाला येणे अवघड जाते.

आधी आग कशी चालते ते. सपाट माळावरचा गवताचा वणवा पाहून पुष्कळांचा गैरसमज होतो की हा काही जीवघेणा प्रकार नाही. ज्वाळा गुडघ्याएवढ्या, चार माणसे डहाळ्या घेऊन झोडपतात आणि विझतो. माळावर ते खरेही आहे. उतारावर तीच आग वेगळी वागते. चढावर ज्वाळा पुढच्या गवताच्या अंगावर झुकतात, ते आधीच तापवून सुकवतात, आणि आग पोचण्याआधीच ते पेटायच्या बेतात येते. ऑस्ट्रेलियातले वणव्यांचे अभ्यासक ॲलन मॅकआर्थर यांनी यासाठी एक ढोबळ आडाखा मांडला: उतार दहा अंशांनी वाढला की आगीचा वरच्या दिशेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे वीस अंशांना चौपट. सह्याद्रीची कोकणाकडची बाजू याहून कितीतरी उभी आहे. खांडसपासून भीमाशंकरच्या देवळापर्यंतची चढण आठशे मीटरहून अधिक भरते. त्यात घाटवाटा बहुधा नाळेतून नाहीतर सोंडेवरून चढतात. नाळ म्हणजे दोन कड्यांमधली चिमणीच. खालून लागलेली आग तिच्यातून वर ओढली जाते आणि धूर सगळा वाटेवर भरतो. दिवसा उन्हाने तापलेल्या उतारांवरून वारा वर चढतो, दुपारनंतर समुद्राकडचा वारा त्याला जोर देतो. आणि नेमक्या त्याच वेळी हवा सर्वांत कोरडी असते. त्यामुळे दुपारी दोन-अडीचला खालच्या पदरात लागलेला वणवा आणि शिडी घाटाच्या मध्यावर असलेली माणसे, ही या डोंगरातली सर्वांत वाईट जोडी. अशा वेळी माणसाची उपजत बुद्धी वर पळायला सांगते. १९४९ च्या ५ ऑगस्टला अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, मॅन गल्च नावाच्या दरीत, आग विझवण्याचे शिक्षण घेतलेले तेरा जवान तसेच वर पळताना जळून मेले. त्यांचा म्होरक्या वॅग डॉज वाचला, कारण त्याने थांबून पुढचे गवत स्वतःच पेटवले आणि त्या ताज्या राखेत तो पालथा पडून राहिला. जळलेल्या जागी आग परत येत नाही, हे डोंगरात ज्याने एकदा वणवा विझवला आहे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. शहरातून आलेल्या, अंगात पॉलिएस्टरचा टी-शर्ट घातलेल्या माणसाला ते माहीत नसते. आणि ते कापड आचेने वितळून कातडीला चिकटते, हेही माहीत नसते.

आपल्या देशात याचा धडा मिळाला तो ११ मार्च २०१८ ला. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात, कोळुक्कुमलईवरून खाली उतरणाऱ्या ट्रेकर मंडळींना गवताळ उतारावर वणव्याने गाठले. काही जागीच गेले, काही पुढच्या दिवसांत इस्पितळांत. मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. त्यात स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि बहुतेक जण चेन्नई, इरोड अशा शहरांतून शनिवार-रविवारची सुट्टी साधून आलेले होते. कुरंगणीची चर्चा पुढे परवानगी होती की नव्हती या एका मुद्द्याभोवती फिरली. वन खात्याचे म्हणणे असे की पावती एका वाटेची होती आणि माणसे दुसऱ्याच वाटेला गेली. ते धरून चालू. पण त्यातून जो प्रश्न उरतो तो महत्त्वाचा. ज्या नाक्यावर पावती फाडली गेली, तिथे त्या सकाळी वरच्या उतारावरचे गवत कसे आहे, जवळ कोणी शेतातला पाला जाळतो आहे का, वारा कुठला आहे, हे जाणणारा आणि 'आज जाऊ नका' असे म्हणायचा अधिकार असणारा माणूस कोण होता? नियम होता, पैसे घेणारा हात होता, पण नकार देणारे तोंड नव्हते.

कुरंगणीनंतर तमिळनाडूने त्याच वर्षी ट्रेकिंगचे नियम केले, आणि आता तिथल्या सरकारी ट्रेकवाटा वणव्याच्या महिन्यांत बंद ठेवतात. २०२५ साली १५ फेब्रुवारी ते १५ एप्रिल असे दोन महिने त्या बंद होत्या. कर्नाटकातही कुद्रेमुखसारख्या उद्यानांतल्या वाटा उन्हाळ्यात बंद होतात. महाराष्ट्रात हे का करू नये, असे विचारणारे अगदीच चुकीचे नाहीत. तारखेची बंदी सोपी असते, सगळ्यांना सारखी असते, तिच्यात वशिला चालत नाही. पण तारखेला गवत कळत नाही. भीमाशंकरच्या माथ्यावरची दाट जंगलातली वाट आणि तिच्याच खाली दोन तासांवरची उघडी सोंड यांची एका दिवशीची जोखीम एक नसते. फेब्रुवारीच्या सकाळी सात वाजता दवाने ओली असलेली वाट आणि दुपारी दोनची तीच वाट यांचीही नसते. जो उतार आठवड्यापूर्वी जळून काळा झाला तो उरलेल्या हंगामात सर्वांत सुरक्षित, पण तारखेच्या बंदीत तोही बंद. उलट एखाद्या वर्षी जानेवारीतच गवत वाळले, तर तारखेप्रमाणे सगळे खुले. ज्या देशांनी वणव्यात आपल्याहून फार जास्त माणसे गमावली त्यांनी हा हिशेब दिवसावर आणला आहे. ७ फेब्रुवारी २००९ च्या एका शनिवारी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १७३ माणसे गेली, त्यानंतर तिथे रोजच्या अग्निधोक्याच्या श्रेणीत आणखी एक, सर्वांत वरची श्रेणी घातली गेली. कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वने २०२१ च्या ऑगस्टअखेर एकदम बंद करावी लागली; हवामान पाहून त्यांतली बहुतेक ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीच उघडली. आपल्याकडेही भारतीय वन सर्वेक्षण संस्था हवामानावरून वणव्याची पूर्वसूचना देते. मात्र ती सूचना खांडसच्या एसटी थांब्यावर उतरलेल्या माणसापर्यंत कशी पोचावी याची वाट कोणी आखलेली नाही.

उपग्रह आहेतच की, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे तपशिलात जायला हवे, कारण वणव्यावरचे बहुतेक सरकारी काम आज उपग्रहाच्या ठिपक्यांवर उभे आहे आणि ते ठिपके काय सांगतात यापेक्षा काय सांगत नाहीत ते अधिक महत्त्वाचे आहे. वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून मोडिस या उपकरणाच्या, आणि अलीकडे व्हीआयआयआरएसच्या आधारे आगीच्या सूचना देते. नोंदवलेल्या वनरक्षकांच्या मोबाइलवर त्या येतात. मोडिसचा एक ठिपका म्हणजे एक किलोमीटर बाजूचा चौकोन. व्हीआयआयआरएसचा ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे चौदा हेक्टर. त्यात जळते आहे ते भाताच्या राबाचे वाफे, माळावरचे गवत की देवराईची कड, हे ठिपक्यावरून कळत नाही. त्याहून अडचणीचे म्हणजे वेळ. व्हीआयआयआरएस वाहणारे उपग्रह आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या सुमारास आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. डोंगरातला वणवा दुपारी तीनला पेटतो, संध्याकाळी सोंड ओलांडतो आणि गवताचा असेल तर रात्रीच्या जेवणाआधी विझूनही जातो. दोन फेऱ्यांच्या मधे जन्मून मेलेला असा वणवा कोणत्याच यादीत दिसत नाही. वर्षाअखेरीला जिल्ह्यात वणवे कमी झाले म्हणून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे. कोंढवळ, तेरुंगण, निगडाळे, आहुपे, पिंपरगणे, किंवा जुन्नरकडे हातवीज, आंबे, दुर्गावाडी इथल्या अंगणात उभ्या माणसाला मात्र तीनचा धूर तीन वाजताच दिसतो. धूर पांढरा असेल तर गवत, काळपट आणि दाट असेल तर झाडोरा, एवढे तो चुलीपुढून उठतानाच ओळखतो.

यावर सर्वांत जोरकस आक्षेप असा की आग लावतात तेच लोक. हा आक्षेप टाळण्यात अर्थ नाही, कारण त्यात तथ्य आहे. सह्याद्रीत विजेने वणवा लागल्याची उदाहरणे अपवादाची. कोरड्या महिन्यांतली आग माणसाच्या हातचीच असते. गवत जाळले की पुढचे गवत चांगले येते अशी समजूत गावोगाव आहे, आणि ती निराधार नाही: जुनी गवताड गेली की कोवळा फुटवा गुरांना मिळतो. पण ही समजूत अर्धीच खरी. जून दूर असताना जाळलेल्या माळावर फुटवा नावापुरता येतो, आणि पुन्हा पुन्हा जाळले की गुरांना आवडणारी गवते मागे पडून आग सोसणारी कुसळीच माजते. म्हणजे चाऱ्यासाठी लावलेली आग शेवटी चाराच कमी करते. राबाची गोष्ट वेगळी आहे. भाताच्या रोपासाठी वाफ्यात शेण, पालापाचोळा, तोडलेल्या डहाळ्या आणि वर मातीचा थर असे रचून उन्हाळ्याच्या अखेरीला ते धुमसत जाळतात. त्याने तणाचे बी मरते आणि राखेचे खत मिळते. राब जाळणारा माणूस कडेने झाडून घेतो, वारा पडल्यावर काडी लावतो आणि जळेपर्यंत तिथे बसून राहतो, कारण वाफ्याला लागून त्याचाच गोठा असतो. आग हाताळायचे हे ज्ञान आणि माळाला काडी लावून निघून जाण्याची बेपर्वाई एकाच गावात नांदतात. ग्रामसभेला अधिकार द्या म्हणताना त्या बेपर्वाईला माफी मागितलेली नाही. मुद्दा असा की ती थोपवू शकणारा शेजारी गावातच असतो आणि त्याच्याकडे थोपवण्याचे कारणही असते. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात ते कारण झाडाला लटकलेले दिसते: हिरडा. फळ कोवळे असताना, आत आठळी धरायच्या आधी ते उतरवतात आणि अंगणात वाळत घालतात. काही दिवसांत ते सुरकुतून काळे, टणक होते. हाच बाळहिरडा. महादेव कोळी कुटुंबांना पेरणीआधीचा रोख पैसा देणारी ही जवळजवळ एकच वस्तू, आणि तिचा हंगाम पुरता वणव्याच्या महिन्यांत येतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे मोडली तेव्हा भरपाईसाठी या भागात वर्षानुवर्षे आंदोलने झाली, यावरून त्या झाडाची किंमत कळावी. हिरड्याच्या रानाला आग लागली तर नुकसान कोणाचे, आणि ती लागू नये म्हणून रात्री जागे राहण्याची गरज कोणाला, याचा विचार केला तर पहारेकरी शोधायला लांब जावे लागत नाही.

मग हा पहारेकरी आजवर आरोपी का राहिला? याची मुळे जुनी आहेत. इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यातल्या जंगलांवर ताबा बसवला तेव्हा राब हाच सर्वांत मोठ्या भांडणाचा विषय झाला. लोकांची गाऱ्हाणी इतकी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल १८८७ चा. वनाधिकाऱ्याला झाडावरची कुऱ्हाड आणि वाफ्यातला धूर दिसे, शेतकऱ्याला रोप दिसे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात ती नजर अजून शाबूत आहे. त्याच्या २६ व्या कलमानुसार राखीव जंगलात कोणी जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर गुन्हेगाराला शिक्षा झाली असली तरी सरकार त्या जंगलातले चराईचे आणि वनोपजाचे सगळेच हक्क थांबवू शकते. आग एकाने लावायची आणि चूल सगळ्यांची विझायची. त्याच कायद्याचे ७९ वे कलम सांगते की ज्यांना जंगलात हक्क आहेत त्यांनी आग लागल्याची खबर दिली पाहिजे आणि विझवायला धावले पाहिजे; न धावणे हा गुन्हा. म्हणजे गावावर कर्तव्य होते, सामुदायिक शिक्षा होती, आणि कोणाला वाटेवर येऊ द्यायचे याबद्दल तोंड उघडायची सोय नव्हती. या रचनेत खबर देणारा पहिला संशयित ठरतो. अशा माणसाने धूर पाहून दार लोटून घेतले तर त्यात नवल काय?

ही रचना कागदावर २००६ साली बदलली. वनहक्क कायद्याचे पाचवे कलम जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला देते, आणि सामूहिक वनसंपत्तीत कोणाला प्रवेश द्यायचा, कोणते घातक काम थांबवायचे याबद्दल ग्रामसभेने केलेले निर्णय पाळले जातील हे पाहायला सांगते. हा कायदा अभयारण्यालाही लागू आहे. आंबेगाव-जुन्नरची पश्चिमेची गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात, घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याचेही बळ आहे. अडचण आहे ती वेगळीच. अभयारण्यात प्रवेशाची परवानगी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २८ व्या कलमाखाली वन्यजीव खात्याकडेच राहते, आणि ३० व्या कलमाने अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला बंदी आहे. हे दोन कायदे एकमेकांच्या आड येतात असे समजायचे कारण नाही. वन्यजीव खात्याने परवाना द्यावा आणि त्या परवान्याला एकच अट जोडावी: त्या दिवशी त्या वाटेच्या ग्रामसभेने नेमलेल्या माणसाने होकार दिला पाहिजे, आणि सोबत गावचा वाटाड्या घेतला पाहिजे. एवढ्याने काम भागते. आज वरचे जंगल वन्यजीव विभागाकडे, त्याबाहेरचे जुन्नर वनविभागाकडे आणि घाटाखालचे आणखी तिसऱ्याकडे अशी वाटणी आहे. आग मात्र सीमेचे दगड पाहून थांबत नाही. एका घाटवाटेची वरची आणि खालची अशी दोनच गावे एकमेकांना फोन करू लागली, तरी या वाटणीतली मोठी फट बुजेल.

ग्रामसभा इतका संयम दाखवील का, ही शंका प्रामाणिक आहे. तिला उत्तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावात मिळते. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तिथल्या ग्रामसभेने बांबूचा व्यवहार स्वतः हाती घेतला आणि तेंदूपाने गोळा करणे बंद केले. तेंदू म्हणजे विदर्भातल्या गावांचा हुकमी पैसा. तो सोडायचे एक कारण हे होते की कोवळा पाला यावा म्हणून झाडे छाटतात आणि जंगलात आगी लावतात. जंगल आपले आहे याची खात्री पटल्यावर पैसा सोडणारे गाव आपल्याच राज्यात आहे. आणि ज्यांना एवढे लांब जायचे नाही त्यांनी आहुप्याची देवराई पाहावी. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसले ते हेच, की सरकारी पहारा नसलेल्या ठिकाणी गावाच्या नियमावर जंगल टिकले. मात्र देवाच्या धाकावर विसंबून आजचा कारभार चालणार नाही. पाचगाव अधिक उपयोगाचे, कारण तिथला धाक ठरावाचा आहे.

दुसरी शंका मला अधिक गंभीर वाटते: हा नुसता टोलनाका होईल. सह्याद्रीत आज कितीतरी वाटांच्या तोंडाशी टेबल आणि पावतीपुस्तक दिसते. माणशी पैसे घेतले की वाट खुली. पावसाळ्यात ओढ्याला पूर असो की उन्हाळ्यात समोरची सोंड धुमसत असो, टेबलाला फरक पडत नाही. वणव्याच्या दिवसांत असे टेबल असण्यापेक्षा नसलेले बरे, कारण पावती हातात पडली की माणसाला वाटते, कोणीतरी पाहून ठेवले आहे. म्हणून अधिकाराची कसोटी वसुलीत नाही, नकारात आहे. हंगामात किती दिवस वाट बंद ठेवली, हे ग्रामसभेने फळ्यावर लिहावे; एकही दिवस बंद नसेल तर त्या गावाचा अधिकार काढून घ्यावा. आणि नकाराच्या दिवशी वाटाड्याची मजुरी बुडता कामा नये. ती बुडणार असेल तर कोणीही नकार देणार नाही. गरिबाच्या पदराला खार लावून सुरक्षितता मिळत नसते. त्या दिवशी त्याच माणसाने जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, साफ करावी, वाटेच्या दोन्ही अंगचे गवत कापावे आणि त्याचा रोज वन खात्याने द्यावा. वणवा प्रतिबंधावर खर्च होणारा पैसा याहून चांगल्या जागी जात असेल असे वाटत नाही.

डोंगर सगळ्यांचा, कोणालाही विचारायची गरज काय, असे म्हणणारे ट्रेकर इतिहासाचा दाखला देतात तेव्हा मौज वाटते. घाटवाटा कधीच मोकळ्या नव्हत्या. नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आहे. पुढे शतकानुशतके या घाटांची राखण महादेव कोळी नाईकांकडे होती. वाटेवर गावाचा हक्क ही नवी कल्पना नाही. नवी आहे ती गावाला न विचारता चालण्याची सवय. वाटाडे घेतल्याने स्वातंत्र्य जाते, ही तक्रारही तितकीशी खरी नाही. वणव्याच्या चार महिन्यांपुरता हा नियम आहे. भाद्रपदात कोणी एकटा जाऊ इच्छीत असेल तर त्याला कोणी अडवलेले नाही.

महाशिवरात्रीच्या यात्रेकरूंचे काय, हा प्रश्न सगळेच टाळतात, कारण त्यांना अडवणे कोणालाच परवडत नाही. खरे तर त्यांचा बंदोबस्त सर्वांत सोपा आहे. त्यांची वाट ठरलेली, दिवस ठरलेला, चालण्याची वेळ पहाटेची. माघ सुरू होताच त्या एका वाटेच्या दोन्ही बाजूंचे गवत कापून रुंद पट्टा मोकळा केला, चुली मांडायच्या जागा ठरवून दिल्या आणि विडी ओढायला त्या जागेबाहेर मज्जाव केला, तर हजारोंची गर्दीही दहा जणांच्या वाट चुकलेल्या टोळीपेक्षा सुरक्षित राहते.

उरतो तो जबाबदारीचा प्रश्न, आणि तो सोडवल्याशिवाय यातले काहीच सुरू होऊ नये. ग्रामसभेने हो म्हटले आणि तरी माणूस जळाला, तर गुन्हा कोणावर? आजच्या रिवाजाप्रमाणे पहिला हात वाटाड्याच्या गळ्यावर पडेल. परवाना देणाऱ्या खात्याने ही जबाबदारी लेखी स्वतःकडे घेतली पाहिजे आणि वाटाड्याचा व वणवा विझवणाऱ्याचा विमा काढला पाहिजे. याची गरज उत्तराखंडातल्या बिनसर अभयारण्याने दाखवली आहे. १३ जून २०२४ ला तिथे वणवा विझवायला गेलेले चार वनकर्मचारी आगीत सापडून गेले. जखमी झालेल्यांपैकीही पुढे काही दगावले. भीमाशंकरच्या उतारावर वणवा लागला की धावणारी माणसेही याच थरातली: हंगामी फायर वॉचर, वनरक्षक आणि हातात ओली डहाळी, पायात चप्पल असलेले गावकरी. अलीकडे पाला उडवून आगीची वाट तोडणारे ब्लोअर आले आहेत, त्याने काम सोपे झाले आहे. पण अंगावर सुती जाड कपडा, पायात बूट आणि चेहऱ्यावर फडके एवढेही सगळ्यांकडे नसते. ट्रेकर मंडळींकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा पहिला वाटा कशावर खर्च करायचा, हे ग्रामसभेला ठरवायचे झाले तर माघाच्या पहिल्या बैठकीत ही यादी पुढे ठेवता येईल: किती जोड बूट, किती ब्लोअर, कोणत्या सोंडेवर जाळरेषा, आणि दुपारी बारानंतर शिडी घाटाच्या तोंडाशी कोणी बसायचे.